मोटारगाडीची उंची कमी करणे

मोटारगाडीची उंची कमी करणे म्हणजे गाडीच्या निलंबन व्यवस्थेतील स्प्रिंग, आघातशोषक किंवा त्यांना धरणारे भाग बदलून गाडीचा सांगाडा मूळ पातळीपेक्षा जमिनीच्या अधिक जवळ आणणे होय. निलंबन व्यवस्थेस सर्वसाधारण व्यवहारात सस्पेन्शन, तर आघातशोषकास गॅरेजच्या भाषेत शॉकअप म्हणतात. वळणावरील स्थिरता वाढावी किंवा गाडी दिसावयास आकर्षक व्हावी, या दोन कारणांसाठी हा बदल केला जातो. मात्र उंची कमी होताना चाकाला वर सरकण्यासाठी राखलेली जागाही कमी होते. त्यामुळे जो धक्का स्प्रिंगने सोसावयाचा, तो टायर, रबरी बुश, सांधे, आस आणि सांगाडा यांना सोसावा लागतो व त्यांची झीज लवकर होते. रुंद व सरळ रस्ते, जागोजागी गतिरोधक आणि चार महिन्यांचा पाऊस या तिन्ही गोष्टी एकत्र आढळणाऱ्या नवी मुंबईसारख्या शहरात हा परिणाम विशेष ठळकपणे जाणवतो.

निलंबन व्यवस्थेची रचना

चाके आणि गाडीचा सांगाडा यांना जोडणाऱ्या लवचीक यंत्रणेस निलंबन व्यवस्था म्हणतात. तिची दोन कामे असतात. पहिले, रस्त्याच्या खाचखळग्यांचे धक्के सांगाड्यापर्यंत व प्रवाशांपर्यंत पोहोचू न देणे; आणि दुसरे, चाक सतत रस्त्याला टेकलेले ठेवणे. चाक रस्त्याला टेकलेले नसेल, तर ब्रेक आणि सुकाणू या दोहोंचाही उपयोग होत नाही. त्यामुळे दुसरे काम सुरक्षिततेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे.

स्प्रिंगची कल्पना महाराष्ट्रात मोटारीपेक्षा जुनी आहे. टांगा आणि बग्गी यांना पोलादी पट्ट्यांच्या कमानी बसवलेल्या असत. ट्रकच्या पट्टीदार स्प्रिंगला आजही 'कमान' किंवा 'पाटे' असेच म्हणतात. कुर्ला येथील कारखान्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनी या गाडीच्या पुढच्या चाकांना वेटोळ्याची स्प्रिंग, तर मागच्या आसाला कमानी असत. सध्याच्या बहुतेक लहान गाड्यांत पुढील बाजूस मॅकफर्सन स्ट्रट ही रचना आढळते. हिच्यात स्प्रिंग आणि आघातशोषक एकाच उभ्या खांबावर बसवलेले असतात आणि चाक खालच्या बाजूने एका आडव्या भुजेने धरलेले असते. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याच्या नावाने ओळखली जाणारी ही रचना ब्रिटनमधील फोर्ड कंपनीने १९५० साली कॉन्सल व झेफिर या गाड्यांत वापरली. जागा कमी लागत असल्याने ती पुढे जगभर रूढ झाली.

स्प्रिंग धक्का साठवते, तर आघातशोषक त्या स्प्रिंगची खाली-वर होणारी आंदोलने शमवतो. चाक मर्यादेबाहेर वर गेल्यास धातूवर धातू आदळू नये, यासाठी दांड्यावर रबराचा किंवा फोमसारख्या पॉलियुरेथेनचा ठोकळा बसवलेला असतो. त्यास बंप स्टॉप म्हणतात. तो अपवादात्मक प्रसंगासाठी असतो; रोजच्या वापरासाठी नसतो.

इतिहास

गाडी खाली आणण्याची हौस दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्नियात, प्रामुख्याने मेक्सिकन वंशाच्या तरुणांमध्ये रुजली. या गाड्यांना 'लोरायडर' हे नाव मिळाले. आरंभी डिकीत वाळूच्या गोण्या ठेवून किंवा स्प्रिंगची वेटोळी कापून गाडी खाली आणली जाई. १ जानेवारी १९५८ पासून कॅलिफोर्नियात असा नियम लागू झाला, की बदल केलेल्या गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली असू नये. त्यावर तोडगा म्हणून रॉन अगिरे याने १९५९ मध्ये आपल्या गाडीला द्रवचालित यंत्रणा बसवली. या यंत्रणेमुळे चालकाला बसल्या जागेवरून गाडी हवी तेव्हा वर-खाली करता येऊ लागली.

दुसरा प्रवाह मोटारशर्यतींचा आहे. शर्यतीच्या गाड्यांत गुरुत्वमध्य खाली ठेवणे हे अभिकल्पाचे मूलभूत तत्त्व मानले जाते. तेथे मार्ग गुळगुळीत असतो, प्रत्येक शर्यतीनंतर भागांची तपासणी होते आणि झिजलेले भाग बदलले जातात. रस्त्यावरील गाडीला यांपैकी कोणतीच सवलत नसते. हौशी मोटारधारक शर्यतीच्या गाडीचे रूप उचलतात. परंतु त्यामागील देखभालीची शिस्त क्वचितच उचलली जाते.

उंची कमी करण्याच्या पद्धती

आखूड स्प्रिंग: मूळ स्प्रिंगऐवजी कमी उंचीची व अधिक ताठर स्प्रिंग बसवली जाते. सामान्यतः २५ ते ४० मिलिमीटर इतकी घट होते. मूळ आघातशोषक तसाच ठेवल्यास तो ताठर स्प्रिंगची आंदोलने नीट शमवू शकत नाही.

कॉइलओव्हर: आटे पाडलेल्या नळीवर स्प्रिंगची बैठक असलेला हा जोडसंच असतो. बैठक फिरवून उंची कमी-अधिक करता येते. स्प्रिंग आणि आघातशोषक एकमेकांना अनुरूप असल्याने ही पद्धत तांत्रिकदृष्ट्या सरस आहे. परंतु ती महाग असून चिखलाने व गंजाने आटे धरण्याची शक्यता असते.

हवेचे निलंबन: पोलादी स्प्रिंगच्या जागी हवेच्या पिशव्या व दाबयंत्र बसवले जाते. गतिरोधकापूर्वी गाडी उचलता येते, हा तिचा लाभ होय. दमट हवेत मात्र टाकी आणि झडपांमध्ये पाणी साचून त्या बिघडतात.

ठोकळे: पट्टीदार कमानींच्या गाडीत, आस कमानीच्या वर असेल तर, दोहोंमध्ये ठोकळा बसवून गाडी खाली आणता येते.

स्प्रिंग कापणे किंवा तापवणे: ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत घातक पद्धत आहे. स्प्रिंगच्या पोलादाला कारखान्यात 'पाणी दिलेले' असते; म्हणजे ते तापवून, विझवून पुन्हा ठरावीक तापमानाला आणलेले असते. त्यातूनच त्याला ताण सोसून पूर्ववत होण्याचा गुण येतो. गॅसच्या ज्योतीने कापताना वा तापवताना हे पाणी उतरते. तो भाग एक तर मऊ पडून बसतो किंवा ठिसूळ होऊन तडकतो. शिवाय कापलेले टोक मूळ बैठकीवर नीट बसत नाही. चाक खड्ड्यात पूर्णपणे लोंबले की आखूड झालेली स्प्रिंग बैठकीतून निसटू शकते.

चाकाचा प्रवास आणि ताठरता

या विषयातील सर्व झीज एका साध्या गणिताशी निगडित आहे. उभ्या असलेल्या स्थितीपासून बंप स्टॉपला लागेपर्यंत चाक जितके वर जाऊ शकते, त्या अंतरास चाकाचा प्रवास म्हणतात. या प्रवासात स्प्रिंग जी ऊर्जा पचवते, ती ताठरतेच्या समप्रमाणात असते. परंतु प्रवासाच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात असते.

उदाहरणादाखल, केवळ चालक बसलेला असताना एखाद्या गाडीच्या चाकाचा प्रवास ८० मिलिमीटर आणि चाकाजवळील स्प्रिंगची ताठरता दर मिलिमीटरला २० न्यूटन आहे असे मानू. बंप स्टॉपला लागण्यापूर्वी ही स्प्रिंग ६४ ज्यूल ऊर्जा पचवते. आता गाडी ४० मिलिमीटरने खाली आणली आणि २० टक्के अधिक ताठर, म्हणजे २४ न्यूटनची स्प्रिंग बसवली, तर ही क्षमता सुमारे १९ ज्यूल उरते. ती मूळच्या एक-तृतीयांशाहूनही कमी आहे. प्रवास निम्मा करूनही मूळची क्षमता राखावयाची असेल, तर ताठरता चौपट, म्हणजे ८० न्यूटन करावी लागेल. अशी गाडी रोजच्या वापरात असह्य होईल. म्हणूनच विक्रीस असलेल्या स्प्रिंगा मधला मार्ग काढतात, आणि उरलेली ऊर्जा इतर भागांना सोसावी लागते.

प्रवासी बसल्यावर स्थिती आणखी बिकट होते. वरील गाडीत प्रवासी व सामान मिळून ३०० किलोग्रॅम भार वाढल्यास मूळ गाडी सरासरी ३७ मिलिमीटर खाली बसते आणि ४३ मिलिमीटर प्रवास शिल्लक राहतो. खाली आणलेली गाडी ताठर असल्याने ३१ मिलिमीटरच बसते, तथापि तिच्याजवळ जेमतेम ९ मिलिमीटर उरतात. अशा गाडीत प्रत्येक लहान खड्ड्यालाही चाक बंप स्टॉपवर आदळते.

याच्या उलट बाजूचा लाभही मोजता येतो. १,००० किलोग्रॅम वजनाची, ५५० मिलिमीटर उंचीवर गुरुत्वमध्य असलेली आणि दोन चाकांमध्ये १,४५० मिलिमीटर अंतर असलेली गाडी गुरुत्वत्वरणाच्या निम्म्या त्वरणाने वळत असेल, तर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सुमारे १९० किलोग्रॅम भार सरकतो. गुरुत्वमध्य ४० मिलिमीटर खाली आल्यास तो सुमारे १७६ किलोग्रॅम होतो. म्हणजेच लाभ सात टक्क्यांचा आहे. मॅकफर्सन रचनेत हा लाभ पूर्णपणे पदरात पडेलच असे नाही. वळणावर सांगाडा ज्या बिंदूभोवती कलतो, तो बिंदू उंची कमी करताना गुरुत्वमध्यापेक्षाही वेगाने खाली जातो. दोहोंमधील अंतर वाढले, की सांगाड्याला कलवणारा जोर उलट वाढतो.

यांत्रिक झीज

बंप स्टॉप आणि आघातशोषक: बंप स्टॉप वारंवार दबल्याने चुरा होऊन गळून पडतो. त्यानंतर धक्का थेट आघातशोषकाच्या नळीवर आणि स्ट्रटच्या वरच्या बैठकीवर बसतो. आघातशोषकाचा दट्ट्या नेहमीपेक्षा खालच्या भागात फिरू लागतो, दांड्यावरील सील झिजते आणि तेल झिरपते. नळीवर तेलकट धुळीचा थर दिसणे, हे त्याचे पहिले लक्षण होय.

टायर: मॅकफर्सन रचनेत गाडी खाली आली, की चाकाचा वरचा भाग आत झुकतो. चाकाच्या या झुकावास कॅम्बर म्हणतात. वरून पाहिल्यास चाके आत किंवा बाहेर वळलेली असणे, यास टो म्हणतात. उंची बदलल्यावर सुकाणूच्या दांड्यांचा कोन बदलतो आणि त्यामुळे टोही बिघडते. टायर झिजण्यात कॅम्बरपेक्षा टोचा वाटा मोठा असतो. चाक अर्ध्या अंशाने तिरके असेल, तर दर किलोमीटरमागे ते सुमारे ८.७ मीटर इतके आडवे ओढले जाते. या घासण्याने टायरची आतली कड आधी झिजते. बाहेरून नक्षी शाबूत दिसत असताना आतल्या बाजूस तारा उघड्या पडलेल्या असू शकतात. म्हणून ही झीज विशेष धोक्याची ठरते.

रबरी बुश: खालच्या भुजेच्या सांध्यात धातूच्या दोन नळ्यांमध्ये रबर चिकटवलेले असते. भुजा हलते तेव्हा हे रबर पिळले जाते व पुन्हा सरळ होते. त्याचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळावयाचे असतात, कारण त्याच स्थितीत रबराला पीळ नसावा अशी अपेक्षा असते. गाडी खाली आणल्यावर हे बोल्ट सैल करून नव्या उंचीवर पुन्हा न आवळल्यास रबर कायमचे पिळलेले राहते आणि काही काळाने फाटते. गॅरेजमध्ये हमखास राहून जाणारी ही पायरी आहे.

बॉल जॉइंट आणि सुकाणूचे सांधे: हे सांधे ठरावीक कोनाच्या मर्यादेत फिरतात. भुजा नेहमीच वर कललेली राहिल्याने सांध्याचा गोळा खोबणीच्या एकाच बाजूस घासतो. सांध्यात ढिलेपणा आला, की सुकाणू थरथरते आणि खड्ड्यात 'खट' असा आवाज येतो.

आसाचे सांधे: पुढील चाके ओढणाऱ्या गाडीत इंजिनाची शक्ती चाकापर्यंत नेणाऱ्या आसाला दोन्ही टोकांस फिरते सांधे असतात. सांध्याचा कोन वाढल्यास त्यात उष्णता व घर्षण वाढते. सांध्यावरील रबरी आवरणाच्या घड्या एकमेकींना घासून फाटतात, आतील ग्रीस उडून जाते आणि धूळ-पाणी शिरते. त्यानंतर पूर्ण सुकाणू वळवून गाडी चालवताना 'कटकट' आवाज येऊ लागतो.

तळभाग: इंजिनाची तेलाची टाकी, जिला मेकॅनिक 'चेंबर' म्हणतात, आणि सायलेन्सरची नळी हे सर्वांत खाली लोंबणारे भाग असतात. चेंबर फुटून तेल वाहून गेल्यास आणि चालकाने तेलाच्या दिव्याकडे दुर्लक्ष केल्यास इंजिन काही मिनिटांत निकामी होऊ शकते.

नवी मुंबईतील परिस्थिती

नवी मुंबईच्या नियोजनासाठी १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. या शहराचे रस्ते आखणीपासूनच रुंद ठेवण्यात आले. वाशी ते सीबीडी बेलापूर हा पामबीच मार्ग सुमारे दहा किलोमीटर लांबीचा असून बहुतांशी सरळ व सपाट आहे. अशा मार्गावर खाली आणलेली गाडी उत्तम चालते आणि बदलाचे तोटे तेथे जाणवत नाहीत. परंतु त्याच गाडीला पुढे नोडमधील अंतर्गत रस्ते, शाळांसमोरील गतिरोधक, गृहसंकुलांचे चढ-उतार आणि शीव–पनवेल महामार्गावरील पावसाळी खड्डे पार करावे लागतात. जवाहरलाल नेहरू बंदराकडे ये-जा करणाऱ्या कंटेनर ट्रकच्या भारामुळे उरण परिसरातील रस्त्यांवर चाकोऱ्या पडतात. अशा चाकोरीत चाके खाली जातात आणि मधला उंचवटा गाडीच्या तळाला लागतो.

गतिरोधकाच्या बाबतीत उंचीइतकाच त्याचा आकारही महत्त्वाचा असतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांनुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असावा. तो ताशी २५ किलोमीटर वेगाने ओलांडता यावा, अशी अपेक्षा असते. पुढच्या व मागच्या चाकांत २.५ मीटर अंतर असलेली गाडी अशा गतिरोधकाच्या मध्यावर आली, की तिची चारही चाके गतिरोधकावरच असतात. त्यामुळे माथा तिच्या पोटाकडे केवळ ४६ मिलिमीटर वर येतो. याउलट, तितकाच उंच पण अरुंद गतिरोधक असेल, तर पुढची चाके पलीकडे आणि मागची अलीकडे सपाट रस्त्यावर असतात, व पूर्ण १०० मिलिमीटरचा उंचवटा गाडीच्या पोटाखाली येतो. मूळ १७० मिलिमीटर अंतर असलेली गाडी ४० मिलिमीटरने खाली आणली आणि तीत वर सांगितलेला ३०० किलोग्रॅम भार चढवला, तर तळ जमिनीपासून ९९ मिलिमीटरवर येतो. असा गतिरोधक ती न घासता ओलांडू शकत नाही. चालक मग गतिरोधक तिरका ओलांडतात. त्यामुळे तळ वाचतो. मात्र सांगाड्याला पीळ बसतो आणि शेजारच्या दुचाकीस्वारास अडचण होते.

पावसाळ्यात आणखी दोन कारणे जोडली जातात. शहराचा बराच भाग खाडीकाठच्या सखल जमिनीवर भराव घालून वसवलेला आहे, व पाण्याच्या निचऱ्यासाठी धारण तलाव ठेवलेले आहेत. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आल्यास सखल रस्त्यांवर पाणी साचते. गाडी खाली असल्याने इंजिनात हवा ओढणारी नळीही पाण्याच्या अधिक जवळ असते. तिच्यातून पाणी सिलिंडरमध्ये शिरले, तर दट्ट्यांचे दांडे वाकतात. शिवाय खाडीवरील खारट हवेत, घासून रंग गेलेला तळ आणि ओरखडे पडलेली स्प्रिंग लवकर गंजते. गंजाच्या खळग्यातूनच स्प्रिंगला तडा जाण्यास सुरुवात होते, आणि तुटलेल्या वेटोळ्याचे टोक टायरमध्ये घुसू शकते.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकास वाहनात करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी प्रादेशिक परिवहन अधिकारी विरुद्ध के. जयचंद्र या केरळमधील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ स्पष्ट केला, आणि मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मनाई असल्याचा निर्वाळा दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ(४) मध्ये, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद करण्यात आली. एमएच ४३ या मालिकेतील नवी मुंबईच्या आणि एमएच ४६ या मालिकेतील पनवेल परिसराच्या वाहनांनाही अर्थातच हाच कायदा लागू आहे. बदल विमा कंपनीस कळवलेला नसल्यास अपघातानंतर भरपाईच्या दाव्यात अडचण येऊ शकते.

जर्मनीत निराळी पद्धत आहे. तेथे उंची कमी करणाऱ्या स्प्रिंगचा प्रत्येक प्रकार विशिष्ट गाडीसाठी तपासला जातो, आणि प्रमाणित भाग बसवून त्याची रीतसर नोंद केल्यास तो बदल वैध ठरतो.

तपासणी आणि देखभाल

पूर्वमालकाने उंची कमी केलेली गाडी विकत घेताना, तसेच पुन्हा मूळ स्प्रिंग बसवताना, पुढील बाबी तपासल्या जातात. टायरची आतली कड हाताने चाचपून पाहावी लागते, कारण ती उभे राहून दिसत नाही. स्प्रिंगच्या टोकाशी कापल्याच्या वा तापवल्याच्या खुणा आहेत का, बंप स्टॉप जागेवर आहे का, आघातशोषकावर तेलाचा ओघळ आहे का आणि आसाची रबरी आवरणे शाबूत आहेत का, हे गाडी उचलून पाहिले जाते. उंचीत कोणताही बदल झाल्यावर चाकांची संरेखा नव्याने जुळवणे, बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना पुन्हा आवळणे आणि पुढील दिव्यांचा झोत तपासणे आवश्यक असते. गाडीचा मागचा भाग पुढच्यापेक्षा अधिक खाली गेला असेल, तर दिव्यांचा झोत वर उचलला जातो आणि समोरून येणाऱ्या चालकाचे डोळे दिपतात.

मूळ स्प्रिंग पुन्हा बसवल्याने चाकाचा प्रवास परत मिळतो. परंतु दरम्यानच्या काळात झिजलेले बुश, सांधे आणि आघातशोषक आपोआप सुधारत नाहीत. त्यांची स्वतंत्र तपासणी करून ते बदलावे लागतात.